फोल्डरवरचा बाण

"आजी, ह्यात काही नाही," कारकून म्हणाला आणि त्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

प्रांत कचेरीत जातीच्या दाखल्यांच्या टेबलापुढे आम्ही तिघं उभे होतो. मी, आमच्या वस्तीतला भिमाण्णा आणि त्याची मुलगी अंबिका. पेनड्राइव्ह भिमाण्णानं धोतराच्या सोग्यात गाठ मारून आणला होता. येताना एसटीत त्यानं ती गाठ तीनदा सोडली, वस्तू आत आहे ना बघितलं आणि पुन्हा आवळली.

"असं कसं, साहेब? आमच्या नरसूनं भरून दिलंय. आत माझ्या बापाचा कागद आहे."

"तुम्हीच बघा की." कारकुनाचं नाव कुंभोजकर. टेबलावर पाटी होती आणि मी ती वाचली होती. अक्षरं मला पन्नाशी उलटल्यावर आली, त्यामुळे दिसेल ती पाटी वाचायची खोड अजून ताजी होती. "हा पिवळा फोल्डर. वर नाव आहे, भिमाण्णा मल्लू शिवरकर. आता मी दोनदा दाबतो. काय आलं?"

एक चौकट आली. आत इंग्रजी अक्षरं होती. ती मला येत नव्हती.

"हे म्हणतंय, ज्याच्याकडे बोट दाखवलंय ती वस्तू जागेवर नाही. कुणीतरी हलवलीय, नाहीतर काढून टाकलीय."

"सर, मला शुक्रवारपर्यंत दाखला लागतो," अंबिका म्हणाली. नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. आमच्या वस्तीतून दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली मुलगी. "नाहीतर माझी जागा पुढच्या मुलीला देतील."

"दाखला शुक्रवारी मिळणार नाही. पण शुक्रवारी पाचच्या आत कागद दाखवा, मी प्रकरण दाखल करून पावती देतो. पावतीवर कॉलेज थांबतं. मूळ कागद कुठाय?"

"नदी आत आली तेव्हा पेटीसकट गेला," भिमाण्णा म्हणाला.

"मग ह्या स्कॅनवरचा जावक नंबर आणि गाव तरी दिसलं पाहिजे. ते दिसलं की मी त्या गावच्या दप्तरातून नक्कल मागवतो. नंबरच नसेल तर शोधू कुठं?"

आम्ही वैदू. बापजाद्यांनी कुठं घर केलं नाही आणि आता सरकार विचारतं, एकसष्ट सालाच्या आधी तुम्ही कुठं राहत होता ते कागदावर दाखवा. भिमाण्णाच्या बापाला सत्तावन्न साली एका पोलीस पाटलानं चिठ्ठी दिली होती. मल्लू शिवरकर, जात वैदू, ह्यास गावाबाहेर पाल ठोकण्यास हरकत नाही. खाली शिक्का, नंबर. त्या चिठ्ठीवर पोरीचं नशीब टांगलेलं होतं.

"आजी, इकडं या," कुंभोजकर म्हणाला. "फोल्डरच्या ह्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

मी वाकून बघितलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या चौकोनात एक वाकडा बाण होता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

"हा बाण दिसला की समजायचं, हा फोल्डर नव्हे. हा फोल्डरकडं जायचा रस्ता. शॉर्टकट म्हणतात ह्याला. वस्तू दुसरीकडंच असते, इथं नुसता पत्ता. तुम्ही पत्ता घेऊन आलात आणि घर तिकडंच राहिलं."

मला ते एका दमात कळलं. पाल मोडून पुढं निघालो की आम्ही फाट्यावर दगडाखाली लिंबाची डहाळी ठेवत असू. देठ ज्या बाजूला, त्या बाजूला तळ. मागून येणारी बाई, आजारी माणूस, लेकुरवाळी, सगळे त्या देठावर विश्वास ठेवून चालायचे. तळ हलवला तर आधी मागं जाऊन डहाळी फिरवायची. हे न करणाऱ्याला आमच्यात पाणी देत नसत.

"चुकून झालं असंल," भिमाण्णा म्हणाला.

"होतं की. माझ्या मुलीनं गॅदरिंगचे फोटो म्हणून बारा बाण घरी आणले होते." कुंभोजकर हसला. मग त्यानं उंदराचं उजवं बटण दाबून आणखी एक चौकट उघडली. "घर कुठं आहे ते ह्यालाच विचारता येतं. हे बघा, एफ, दोन टिंबं, मग पुढचा रस्ता. तुमच्या मशीनला बाहेरून काही डबी लावता का? एफ म्हणजे बहुतेक तसलं काहीतरी."

"नाही," मी म्हणाले. "मशीन माझ्या ताब्यात असतं. किल्ली माझ्याकडं. रोज सकाळी मी उघडते, पुसते, चालू करून बघते."

"फोल्डर उघडतात?"

"उघडतात."

"मग सोपं आहे. फोल्डरवर उजवं बटण दाबायचं, कॉपी म्हणायचं, पेनड्राइव्हमध्ये येऊन पेस्ट म्हणायचं. हिरवी पट्टी भरत जाताना दिसली पाहिजे. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं तर समजा पुन्हा बाणच आला. आणि इथं येण्याआधी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा."

मी वहीत कॉपी आणि पेस्ट हे शब्द इंग्रजीत काढून घेतले. वाचता येत नव्हते म्हणून चित्रासारखे काढले. एफ अक्षरही काढलं, पाठीला दोन फांद्या असलेलं.

परतीच्या एसटीत भिमाण्णा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"आत्या," तो म्हणाला, "नरसू रागावलाय माझ्यावर."

"कशापायी?"

"त्यानं मेव्हण्यासाठी अंबीला मागितली होती. मी म्हणलं, शिकतीय."

"ते वर्ष झालं."

"व्हय. वर्षच झालं."

"म्हणून कुणी बापाचा कागद लपवतं का? तुझं काहीतरीच. चूक झालीय, मी सांगते त्याला."

नरसू माझ्या भावाचा मुलगा. बी. ए. झालेला, संगणकाचा कोर्स केलेला. माझा भाऊ आमच्या जात पंचायतीचा पंच होता. त्याच्या पश्चात आम्ही ती पंचायत मोडली, चार लोकांसमक्ष, तहसीलदारांना बोलावून. ठराव नरसूनंच वाचला. त्यावर पहिली सही माझी आहे. अंगठा नव्हे, सही. आणि त्याच सभेत नरसूनं सांगितलं की आपले जुने कागद सडत चाललेत, ते मशीनमध्ये घालू.

कागद गोळा करायला मी फिरले. नरसूला कुणी दिले नसते. बायकांनी पेटीच्या तळातून, उशीच्या खोळीतून, बांबूच्या नळकांड्यातून काढून माझ्या हातात दिले. एक म्हातारी म्हणाली, नवरा दिला असता पण हे देत नाही, आणि मग कागद दिलाच. एक्केचाळीस घरांचे कागद नरसूनं स्कॅन केले, मूळ कागद मी ज्याचे त्याला परत नेऊन दिले. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येकाला पडद्यावर आपापला कागद दाखवला. बायका पडद्याला हात लावून नमस्कार करत होत्या. दुसऱ्याच पावसाळ्यात नदी वस्तीत शिरली आणि निम्म्या घरांच्या पेट्या गेल्या. तेव्हा मीच सगळ्यांना सांगत फिरले, रडू नका, मशीनमध्ये आहे, मी रोज बघते.

गावी उतरल्यावर घरी न जाता मी थेट समाजाच्या पत्र्याच्या ऑफिसात गेले. मशीन चालू केलं. पडद्यावर एक्केचाळीस पिवळे फोल्डर, खाली घराघराची नावं. मी भिमाण्णाचा दाबला. तीच चौकट आली, तीच इंग्रजी अक्षरं. मग माझा दाबला, गंगव्वा हणमंता लोखंडे. माझ्या सासऱ्याची सनद दिसली, नेहमीसारखी, डाव्या कडेला तेलाच्या डागासकट. माझ्या जिवात जीव आला. मशीन ठीक होतं. बिघाड भिमाण्णाच्या एकट्याच्या फोल्डरात आहे असं धरून, कोपरे न बघताच मी कुलूप लावलं.

नरसूला मी गुरुवारी सकाळी त्याच्या दारात गाठलं. तो दाढी करत होता.

"आत्या, चहा घे."

"चहा राहू दे. भिमाण्णाचा फोल्डर उघडत नाही. कचेरीत त्यावर बाण निघाला."

त्यानं गालावरचा साबण पुसला नाही. "कोण म्हणालं बाण?"

"तिथला कारकून. म्हणाला, घर एफमध्ये आहे."

"असं म्हणाला?" नरसू आरशात बघत हसला. "होतं, आत्या. मशीन आहे. उद्या सकाळी त्याला घेऊन ये ऑफिसात. मी करून देतो."

"मला दे ना. मी नेते."

"त्यालाच येऊ दे. वर्षभर समाजाच्या एका मीटिंगला आला नाही माणूस. ऑफिसची पायरी तरी चढू दे."

"उद्या शुक्रवार आहे, नरसू. पाचच्या आत—"

"मग लवकर येईल तो," नरसू म्हणाला आणि पुन्हा वस्तरा लावला.

शुक्रवारी ऑफिसात पोचले तर दारात चपलांचा ढीग. तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. नरसूनं कळवलं होतं म्हणे, सगळ्यांनी या, कागदांचं काम आहे. तो खुर्चीत बसला होता, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, आणि सीताफळ खात होता. समोर वर्तमानपत्राचा तुकडा. एक एक बी जिभेनं घोळून, नीट चोखून, तो त्या तुकड्यावर थुंकत होता. मांडीजवळ त्याची चामडी पिशवी.

भिमाण्णा आणि अंबिका उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"ये आत्या, ये. तुझीच वाट बघत होतो." नरसूनं बी थुंकली. "तर भिमाण्णा. काय अडचण?"

"तुला ठावं आहे, नरसू."

"मला ठाऊक आहे. समाजाला सांग की."

भिमाण्णानं सांगितलं. पोरीचं कॉलेज, पाच वाजेपर्यंतची मुदत, बापाची चिठ्ठी. सांगताना तो दोनदा अडखळला. लोक खाली बघत होते. नरसू सीताफळाच्या गरात बोट फिरवत होता.

"म्हणजे समाजाचं काम पडलं," तो म्हणाला. "एरवी समाज कुठाय, ऑफिस कुठाय, विचारायची गरज नाही. पोरगी हॉस्टेलात ठेवताना कुणाला विचारलं?"

"विचारायचं असतं का?" अंबिका म्हणाली. "पंचायत मोडली ना आपण?"

"बघा. पोरी बोलायला लागल्या." कुणीतरी हसलं. नरसू हसला नाही. "पंचायत मोडली, पोरी. पण माणसाची रीत मोडली का? मी काय मागतोय? काही मागतोय का? मी म्हणतो, समाजापुढं एक शब्द बोलावा. चुकलं म्हणावं. बास."

मी म्हणाले, "नरसू, आधी फोल्डर दे. एक वाजेची एसटी आहे."

"देतो की आत्या. मी नाही म्हणलंय का?" आणि त्यानं गुडघ्यावरचा पाय उचलून खाली ठेवला. खाली म्हणजे जरा पुढं.

तो पाय मी ओळखला. माझा भाऊ असाच बसायचा. गुन्हेगार समोर उभा राहिला की तो काही बोलायचा नाही, नुसता पाय पुढं सरकवायचा. मग गुन्हेगारानं डोक्याचा पटका काढून त्या पायाशी ठेवायचा, अशी आमची रीत. बायका त्या वेळी पदरानं तोंड झाकायच्या, आणि मीही झाकत आले होते.

"आप्पा, नका," अंबिका म्हणाली. "नको मला ते कॉलेज."

भिमाण्णानं तिच्याकडे बघितलंच नाही. दोन्ही हातांनी पटका उतरवला. त्याखाली त्याचं डोकं बारीक कापलेलं, पांढरं, एखाद्या आजारी माणसासारखं दिसत होतं. गुडघे मोडून तो खाली बसला आणि पटका नरसूच्या पायापाशी ठेवला. वर्तमानपत्रातून घरंगळलेल्या दोन ओल्या बिया त्या पटक्याला चिकटल्या.

"चुकलं," तो म्हणाला.

"अरे, अरे, पाया काय पडतोस? मोठा आहेस माझ्याहून," नरसू म्हणाला. पाय मात्र तिथंच होता.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. डोक्यात एकच, कागद मिळू दे, एक वाजेची एसटी मिळू दे.

नरसूनं बोटं धोतराला पुसली, पिशवीतून एक काळी डबी काढली, विड्यांच्या पुडक्याएवढी, आणि तिची वायर मशीनला लावली. मशीन माझ्या ताब्यात होतं, किल्ली माझ्याकडं होती, आणि ती डबी मी उद्घाटनानंतर पहिल्यांदा बघत होते. पडद्यावर एक खिडकी उघडली. वरच्या पट्टीत पाठीला दोन फांद्या असलेलं अक्षर होतं.

भराभर त्यानं काहीतरी दाबलं. भिमाण्णाच्या पेनड्राइव्हमध्ये पिवळा फोल्डर उमटला. हिरवी पट्टी आली नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं.

"हे बघ." त्यानं फोल्डर दाबला आणि पोलीस पाटलाची चिठ्ठी पडद्यावर आली, शिक्क्यासकट. लोक "आलं, आलं" म्हणाले. भिमाण्णानं बसल्या जागी हात जोडले. "जा घेऊन. मनात काही ठेवू नको."

"नरसू," मी म्हणाले, "त्यावर बाण आहे."

"काय?"

"फोल्डरवर. कोपऱ्यात."

"आत्या, तुला काय कळतं त्यातलं? उघडला ना तुझ्यादेखत?"

"आत्ता उघडतोय. ही डबी लावलीय म्हणून." मी पुढं होऊन डबीची वायर ओढून काढली. "आता उघड."

"अशी ओढली तर खराब होते ती."

"उघड."

त्यानं उघडला नाही. मी उंदीर हातात घेतला. तो सीताफळानं चिकट झाला होता, माझं बोट त्याला धरून बसलं. दोनदा दाबलं. चौकट आली. कुणाला वाचता येत नव्हती, पण चिठ्ठी आली नाही हे सगळ्यांना दिसलं.

"ह्याचा पटका घेतलास," मी म्हणाले, "आणि परत बाणच दिलास?"

नरसू आवाज खाली आणून म्हणाला, "बस आत्या. मी समजावतो. कागद प्रत्येकाच्या हातात गेले ना, की एकजण इकडं, एकजण तिकडं. कोण कुणाला विचारणार नाही. एका जागी राहिले तर समाज एका जागी राहतो. तुझ्या भावानं चाळीस वर्षं लोक कसे धरून ठेवले?"

"पायाशी धरून ठेवले."

मी वही उघडली. डबी पुन्हा लावली. वहीतलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र एकेक रेघ जुळवत कॉपी शोधलं, मग पेस्ट. मला वेळ लागला. नरसू उठायला गेला तेव्हा दारातली साबव्वा म्हणाली, "बस गप." ती सत्तर वर्षांची बाई, तिला आयुष्यात कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. पेनड्राइव्हमधला जुना बाण अंबिकानं काढून टाकला होता. हिरवी पट्टी आली आणि हळूहळू सरकू लागली. ती कडेपर्यंत भरू दिली. मी वायर ओढली, फोल्डर दाबला. चिठ्ठी उघडली.

"माझा बघ आत्या," साबव्वा म्हणाली.

पडद्यावरचा तिचा फोल्डर बघितला. बाण. तिच्या शेजारणीचा, बाण. पलीकडच्या घराचा, बाण. अंबिका माझ्या खांद्यावरून वाकून बोट ठेवत होती आणि मोठ्यानं म्हणत होती, बाण, बाण, बाण. बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली. ज्या मशीनची मी दोन वर्षं फडक्यानं धूळ पुसली, त्यात ह्यांच्यापैकी एका घराचाही कागद नव्हता. सगळे नरसूच्या पिशवीत होते. गरज पडेल त्यानं त्या पायापुढं यावं म्हणून.

"घरच्यांशी मी असं केलं का?" नरसू ओरडला. त्याचा तोल तिथं पहिल्यांदा गेला. "आत्या, तू बोलू नको मला. तुझा कागद मी नीट ठेवला. बघ, तुझ्या फोल्डरवर बाण आहे का? घरची म्हणून ठेवला ना? बघ की."

सगळ्यांनी बघितलं. खालून दुसऱ्या रांगेत माझं नाव होतं. फोल्डरचा कोपरा कोरा होता.

मी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं." ते खरं होतं. पण माझाच आवाज माझ्या कानांना नरसूच्या आवाजासारखा लागला. लोक पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे बघायला लागले. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी अंबिकानं आणि मी डबीतले चाळीसच्या चाळीस फोल्डर मशीनमध्ये उतरवून घेतले. नरसू भिंतीकडे तोंड करून बसला होता, दारात साबव्वा आणि तिच्या दोन सुना उभ्या होत्या. एकची एसटी गेली. आम्ही दोनच्या एसटीनं निघालो. भिमाण्णा बोडक्या डोक्यानं आला. पटका तिथंच खुर्चीपाशी पडला होता, तो त्यानं उचलला नाही आणि पुढंही कधी बांधला नाही.

कचेरीत पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. कुंभोजकरनं पेनड्राइव्ह लावला, कोपरा बघितला, मान डोलावली आणि चिठ्ठी उघडली. चष्मा वर करून त्यानं जावक नंबर कागदावर उतरवला, गावाचं नाव दोनदा वाचलं.

"हे गाव माझ्या मामाचं," तो म्हणाला. "दप्तर नीट ठेवतात तिथं. मिळेल." पावतीवर शिक्का मारून त्यानं ती अंबिकाच्या हातात दिली. "आजींनी केलं का हे?"

"व्हय," अंबिका म्हणाली.

"शाब्बास आजी."

मला माझ्या हाताला सीताफळाचा वास येत होता. कचेरीच्या नळावर जाऊन मी तो धुतला, मातीनं घासला, पुन्हा धुतला.

स्टँडवर अंबिका कॉलेजला फोन करायला गेली. बाकावर मी आणि भिमाण्णा बसलो. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. आधी बसलेला भिमाण्णा होता, म्हणजे जागा मीच ठेवली होती.

त्यानं विचारलं, "तू रोज बघायचीस म्हणालीस."

"बघायचे."

"काय बघायचीस?"

स्टँडवर एक गाडी लागली होती, पाटीवर दुसऱ्याच गावाचं नाव होतं. मी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"माझा फोल्डर," मी म्हणाले. "माझा उघडून बघायचे. तो उघडला की सगळ्यांचे उघडतात असं धरायचे."

"एकदा पण दुसऱ्याचा नाही?"

"एकदा पण नाही."

त्यानं मान हलवली. रागानं नाही, एखादी गोष्ट ऐकून घेतल्यावर हलवतात तशी. अंबिका लांबून धावत येत होती, पावती हवेत हलवत, हसत. तिचं काम झालं होतं. भिमाण्णा उठला, धोतर झटकलं.

"गाडी आली, गंगव्वा," तो म्हणाला. त्या दिवसापर्यंत आमच्या वस्तीत लहानथोर सगळे मला आत्याच म्हणायचे, नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.